फोटोग्राफीचा धंदा : कॅमेऱ्याआधी तारखा मोजा

मागच्या अंकात लिहिलं होतं की फोटोग्राफीच्या धंद्याबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, आणि तुम्ही खरंच विचारलंत, सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही म्हणून सहा प्रश्न निवडलेत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी २००४ पासून लग्नाचे फोटो काढतेय, सुरुवात साताऱ्यात एका स्टुडिओत मदतनीस म्हणून झाली, तेव्हा ३६ फोटोंचा रोल असायचा आणि एक क्लिक वाया गेलं की मालक नुसते बघायचे, बोलायचे नाहीत. त्यामुळे मी जे सांगेन ते मुख्यतः लग्नाच्या आणि घरगुती समारंभांच्या कामातलं असेल.

ताई नमस्कार. मी बार्शीचा, वय २४, बी.कॉम. झालंय. मोबाईलवर फोटो भारी काढतो असं सगळे म्हणतात. ३ लाखांचं लोन काढून फुल फ्रेम कॅमेरा आणि दोन लेन्स घ्यायच्या असं ठरवलंय, घरचे म्हणतात नोकरी बघ. कोणता कॅमेरा घेऊ?

मित्रा, कॅमेऱ्याचं नाव मी शेवटी पण सांगणार नाही, कारण तुझा खरा प्रश्न तो नाहीये. आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढ आणि वही घेऊन बस. लग्नाच्या तारखा मोज.

तुळशीचं लग्न झालं की सीझन उघडतो. पौषात बरीच घरं लग्न करत नाहीत, मग माघ-फाल्गुनात थोडं, आणि खरी गर्दी चैत्रानंतर, वैशाख-ज्येष्ठात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकीपर्यंत जवळपास शुकशुकाट. त्यात अधिक मास कुठे येतो ते पण बघायचं, २०२३ ला अधिक श्रावण होता त्यामुळे चातुर्मासच पाच महिन्यांचा झाला, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सीझनमधला महिना गेला. शिवाय ज्या तारखेला मुहूर्त चांगला त्या तारखेला गावातली सगळी कार्यालयं एकदमच बुक असतात, तुला चार फोन आले तरी तू एकाच मांडवात उभा राहू शकतोस. नवीन माणसाला पहिल्या वर्षी दहा-बारा तारखा मिळाल्या तरी मी चांगलं म्हणेन.

आता पैसे. ३ लाख, समजा ११ टक्क्यांनी, तीन वर्षं, तर हप्ता येतो महिना साधारण ९८०० रुपये. तो हप्ता श्रावणात पण जाणार, भाद्रपदात पण जाणार. आणि कामातून हातात काय राहतं बघ. समजा हळद आणि लग्न असं दोन दिवसांचं काम ४०,००० ला घेतलंस, आता यातून सेकंड शूटर, म्हणजे सोबतीचा दुसरा फोटोग्राफर, दोन दिवसांचे ६,०००, व्हिडिओवाला ८,०००, अल्बम ७,०००, व्हिडिओचं मिक्सिंग ५,०००, गाडी-पेट्रोल २,०००, हार्ड डिस्क आणि किरकोळ १,५००. झाले २९,५००. राहिले १०,५००, आणि त्यातच तुझे दोन दिवस मांडवात, वर आठ-दहा रात्री फोटो निवडण्यात आणि अल्बम डिझाइनमध्ये. आकडे गावागावात मागेपुढे होतील पण हिशोबाची चाल हीच. एका लग्नाचे पैसे म्हणजे एक हप्ता. लग्न दहा, हप्ते बारा. हे ज्याने आधी लिहून काढलं नाही त्याचा कॅमेरा दुसऱ्या पावसाळ्यात विकायला निघतो, मी स्वतः असे तीन कॅमेरे घेतलेत आणि प्रत्येक वेळी विकणाऱ्या पोराचा चेहरा बघवत नाही.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं असं आहे की पहिला एक पूर्ण सीझन लोन न काढता कर. सोलापूर, बार्शी, लातूरमधले जे फोटोग्राफर तुला आवडतात त्यांच्याकडे सेकंड शूटर म्हणून जा. कॅमेरा भाड्याने मिळतो, बॉडी आणि लेन्स मिळून दिवसाचं जे भाडं असेल ते मजुरीतून वजा करून पण तुझ्या हातात काहीतरी राहीलच. त्या सीझनमध्ये तुला कळेल की तुला लग्न झेपतं का, म्हणजे पहाटे पाचला देवक बसवण्यापासून रात्री वरातीपर्यंत उभं राहून, जेवायला सगळ्यात शेवटी बसून, कोणाचातरी मामा ओरडला तरी शांत राहून. ते झेपलं तर मग जुनी पण नीट तपासलेली बॉडी घे. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झालेत ते बघ, सेन्सरवर डाग आहे का ते पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करून, फोटो काढून बघ, आणि एक गोष्ट अजिबात सोडू नकोस, ती म्हणजे दोन कार्डांचे स्लॉट. सोबत ५० किंवा ८५ मिमीची, कमी उजेडात चालणारी एफ १.८ लेन्स, एक जास्त जागा मावणारी वाइड लेन्स, दोन फ्लॅश, सहा बॅटऱ्या. एवढ्यासाठी मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज, जे ५०,००० पर्यंत मिळतं आणि तारण मागत नाहीत, ते आणि थोडी स्वतःची बचत यात भागतं. किशोर गटात ५ लाखांपर्यंत जाता येतं, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, तारखा हातात आल्यावर.

दोन कार्डांचं का म्हणते ते सांगते. डिजिटलवर येऊन मला तीन वर्षं झाली होती, एकच स्लॉट असलेला कॅमेरा होता. मे महिन्यातलं लग्न, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. अंतरपाट खाली येतो तो क्षण म्हणजे जेमतेम दोन सेकंद असतात, "सावधान" म्हटलं की पाट सरकतो, त्याच वेळी चारी बाजूंनी अक्षता पडतात, नवरी आधी खाली बघते आणि मग एकदाच मान वर करते. तो वर बघितलेला फोटो मला मिळाला होता, मी स्क्रीनवर बघितला होता, तिच्या उजव्या पापणीवर एक अक्षत अडकलेली होती. रात्री घरी येऊन कार्ड लावलं तर उघडेना. रिकव्हरीला टाकलं, हळदीचे फोटो निघाले, जेवणावळीचे निघाले, मधलं सगळं गेलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, सगळं खरं सांगितलं, घेतलेले सगळे पैसे परत केले. मुलीचे वडील काही बोलले नाहीत, पाणी दिलं, फक्त एवढं म्हणाले की तिच्या आजीचा त्यातच शेवटचा फोटो असेल. मला आजही ती अक्षत दिसते. तेव्हापासून दोन कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग, कार्यालयातून निघायच्या आधी लॅपटॉपवर कॉपी, घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक बहिणीच्या घरी, आणि अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

आणि मोबाईलवर फोटो भारी येतात हे चांगलंच आहे, तुझी नजर आहे. पण मोबाईल उजेडाचं बरंच काम स्वतः करून टाकतो. कार्यालयात स्टेजवर जांभळे-निळे एलईडी, वर लाल-पिवळा मांडव, त्यातून फ्लॅश मारला की कापडाचाच रंग चेहऱ्यावर येतो आणि नवरीची हळद हिरवट दिसते. ते सावरायला शिकायला एक सीझन लागतोच. गुरुजींशी आधी बोलून ठेवायचं हेही तिथेच शिकशील, "गुरुजी शेवटच्या मंगलाष्टकाला अर्धं पाऊल मागे घ्याल का" एवढं नम्रपणे विचारलं की बहुतेक गुरुजी ऐकतात, नाहीतर बरोबर त्या दोन सेकंदांना उपरणं मध्ये.

घरच्यांना नोकरीचं म्हणायचं असेल तर सीझन सोडून आठ महिने काहीतरी कर ना, त्यात कमीपणा काय. मी स्वतः चार वर्षं सकाळी शिकवण्या घ्यायचे.

ताई, मी नाशिकजवळच्या एका गावात राहते, दोन मुलं आहेत, लग्नाच्या कामाला रात्री-अपरात्री जाता येणार नाही. लहान बाळांचे फोटो काढायचा व्यवसाय घरून करावा असं वाटतं. सासूबाई म्हणतात बाळाचे फोटो काढू नयेत, नजर लागते, फ्लॅशने डोळे जातात. कसं सुरू करू?

सासूबाईंवर रागावू नका, ही भीती फार जुनी आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी फोटोग्राफी करायचे, आधी गोध्र्याला आणि नंतर बडोद्याला, आणि बडोद्यात असा समज पसरला की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, धंदा त्यामुळे बसला. तेव्हा तुम्ही सासूबाईंना वाद न घालता सांगा की मी फ्लॅश वापरणारच नाही. आणि खरंच वापरू नका. उत्तरेकडची किंवा सकाळनंतर ऊन थेट येत नाही अशी खिडकी, तिला पांढरा पातळ पडदा, खाली गादी, समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उजेड परतवायला, बाळासाठी याहून चांगला उजेड विकत मिळत नाही.

पण एक गोष्ट मी कळकळीने सांगते. इंटरनेटवर जे फोटो दिसतात ना, बाळाने दोन हातांवर हनुवटी टेकवलीय, टोपलीत झोपलंय, तसे फोटो बाळ साधारण पहिल्या दोन आठवड्यांत असतानाच काढतात आणि हातावर हनुवटीवाला फोटो तर दोन वेगवेगळे फोटो जोडून केलेला असतो, एकात कोणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात हात. हे न शिकता कोणाच्या बाळावर करून बघायचं नाही, काचेची बरणी, झोपाळा, उंच टोपली काहीही नाही. आणि आपल्याकडे त्याच दिवसांत सोयर असतं, बाळंतीण थकलेली असते, घरात परका माणूस नको असतो. मग त्याच्या मागे लागताच कशाला. आपल्याकडे बाळाच्या पहिल्या वर्षात केवढे प्रसंग आहेत, बारसं, उष्टावण, संक्रांतीनंतरचं बोरन्हाण, पहिला वाढदिवस. बोरन्हाणाचा विचार करा, काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुरे पडताहेत आणि शेजारची पोरं वेचायला धावताहेत, रथसप्तमीपर्यंत दर रविवारी दोन घरी गेलात तरी तुमचं नाव गावभर होईल. बाळ सहा-सात महिन्यांचं, बसायला लागलेलं असेल तर ते सगळ्यात सोपं, हसतं पण आणि पळत नाही.

पैशाचं म्हणाल तर पहिली पाच घरं ओळखीतली करा पण फुकट नको, कमी का होईना पैसे घ्या, फुकटाची सवय लागली की ती मोडत नाही. पुढे मोठं करायचं झालं तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम बघा, ग्रामीण भागात महिलांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. फक्त ते नवीनच व्यवसायाला मिळतं आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेवीच्या रूपात अडकलेली असते, हातात रोख येत नाही, हे माहीत असू द्या.

मॅडम, एका गिऱ्हाइकाने अल्बम झाल्यावर १५,००० अडकवलेत, वर सगळ्या रॉ फाइल मागतो आणि मी त्यांच्या मुलीचा फोटो इन्स्टाला टाकला म्हणून भांडला. फोटो मी काढलेत म्हणजे माझेच ना? (पनवेल)

नाही दादा, तुमचे नाहीत, आणि हे आपल्या लाइनमधल्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार केलेला नसेल तर फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या फोटोवर हक्क त्यांचा. "वेगळा करार नसेल तर" हे शब्द मात्र नीट वाचा, कारण सगळी किल्ली त्यातच आहे. बुकिंगच्या वेळी एका पानावर साध्या मराठीत लिहून घ्यायचं आणि दोघांनी सही करायची की निवडक फोटो फोटोग्राफर आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकतो की नाही, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, न सुधारलेल्या फाइल, पॅकेजमध्ये आहेत की नाहीत, किती पानांचा अल्बम, किती दिवसांत, बदल किती वेळा करून मिळणार, डेटा किती महिने सांभाळणार.

पैशांचे टप्पे पण त्याच पानावर. मी ४० टक्के बुकिंगला घेते, ५० टक्के लग्नाच्या आदल्या दिवशी, म्हणजे हळदीच्या संध्याकाळी, आणि १० टक्के अल्बम देताना. लग्न झाल्यावर पैसे मागायचे म्हणजे घरचे कार्यालयाची, केटररची, मंडपवाल्याची बिलं भागवून दमलेले असतात, तुमचा नंबर शेवटी लागतो, त्यात त्यांचा वाईट हेतूच असतो असं नाही.

आत्ताचं भांडण मिटवायला तुम्हीच आधी तो फोटो काढून टाका आणि सॉरी म्हणा, घरी जाऊन. मग पैशाचं बोला. अल्बम दिला नसेल तर तो देतानाच उरलेले घ्या. रॉ फाइल द्यायच्या की नाही हे काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही, वेगळे पैसे ठरवून देऊन टाका.

ड्रोन घेऊ का? सगळे मागतात. (सांगली)

सीझनला पाच-सहा वेळाच मागत असतील तर घेऊ नका, ज्याच्याकडे कागदपत्रं आहेत त्याला बोलवा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो धरतात, त्याला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण त्याहून जड असेल आणि तुम्ही पैसे घेऊन उडवत असाल तर सर्टिफिकेट लागतं. शिवाय ड्रोनची नोंदणी करून नंबर घ्यावा लागतो. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे झोन आहेत, उडवायच्या आधी ते बघायचंच. आणि प्री-वेडिंगसाठी किल्ल्यावर ड्रोन घेऊन जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, संरक्षित स्मारकांवर परवानगी लागते, ती न घेता जाऊ नका. नुसती दंडाची गोष्ट नाही, ती आपली जागा आहे.

शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी यातलं सुरुवातीला नेमकं काय लागतं? (परभणी)

एकटाच काम करणार असशील तर शॉप ॲक्टला आता लायसन नाही, आपले सरकार पोर्टलवर नुसती सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, करंट अकाउंट उघडायला ती चालते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्णपणे फुकट आहे, सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइटवर कोणी पैसे मागत असेल तर तिथून बाहेर पड. जीएसटी सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागतो, फोटोग्राफीला दर १८ टक्के. उलाढाल म्हणजे गिऱ्हाइकाकडून आलेले सगळे पैसे, तुझा नफा नव्हे, वरच्या हिशोबातले ४०,००० धरायचे, १०,५०० नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेव.

ताई, मी कऱ्हाड भागात बाजारपेठेत ३१ वर्षं स्टुडिओ चालवतो. पासपोर्ट फोटोवर घर चाललं, आता दिवसाला चार गिऱ्हाइकं येत नाहीत. मुलगा म्हणतो बंद करा. प्रश्न नवीन धंद्याचा नाही, पण उत्तर द्याल का?

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हा प्रश्न नवीन धंद्याचाच आहे, फक्त जागा तीच आहे. पासपोर्ट फोटो परत येणार नाहीत हे मान्य करूया, आधार केंद्रावर तिथल्या तिथे फोटो काढतात, पासपोर्ट सेवा केंद्रातही तसंच, आणि बाकीच्या फॉर्मला पोरं मोबाईलवरच करून घेतात. चार बाय सहाच्या कागदावर आठ फोटो काढून कात्रीने कापून द्यायचे ते दिवस गेले.

पण लोकांना अजून एक फोटो हवा असतो आणि तो वेळेवर कधीच सापडत नाही. घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला, हार घालायला फोटो लागतो, मग कुठल्यातरी लग्नातल्या ग्रुपमधला अर्धा चेहरा मोठा करून आणतात, मागे कोणाचातरी खांदा दिसत असतो. तुमच्याकडेही असे लोक रात्री शटर वाजवत आले असतील. ते काम तुम्ही करताच, पण त्याच्या आधीचं काम सुरू करा. ज्येष्ठांचे पोर्ट्रेट. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, टोपी किंवा डोक्यावरचा पदर जसा असतो तसा. साठीशांत, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन ही निमित्तं आहेतच, गुरुजींना सांगून ठेवा, तेच कामं आणून देतील. मोठी फ्रेम, चांगला कागद, आणि माणूस बसून बोलता बोलता काढलेला फोटो, घाई न करता. तरुण पोरांना हे जमत नाही, त्यांच्यापुढे आजोबा ताठ होतात. तुमच्यापुढे होणार नाहीत.

आणि तुमच्याकडे ३१ वर्षांतल्या सुरुवातीच्या वर्षांच्या निगेटिव्ह असणारच. गावातल्या किती घरांकडे त्यांच्याच आईवडिलांचा तरुणपणीचा फोटो नसेल आणि तुमच्या माळ्यावर असेल. त्या नीट लावा, वर्षाप्रमाणे आणि गल्लीप्रमाणे, आणि ज्यांचे आहेत त्यांना निरोप द्या, स्कॅन करून प्रिंट देण्याचे व्यवस्थित पैसे घ्या. कुठे लावायचे किंवा छापायचे झाले तर आधी त्या घरी विचारा, वर पनवेलच्या दादांना सांगितलं तेच इथेही लागू आहे. स्कॅनरवर खर्च नको, अगदी जवळून फोटो काढणारी मॅक्रो लेन्स, खाली पांढरा एलईडी पॅनल आणि कॅमेरा स्टँडवर सरळ धरला की मुलगा एका दुपारी दोनशे निगेटिव्ह उतरवेल, त्याला पण सोबत घ्या.

पेट्या उघडाल तेव्हा पावसाळ्यात उघडू नका, कोरडा दिवस बघा, सुती हातमोजे घाला. एखाद्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या निगेटिव्ह आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा, फिल्म खराब व्हायला लागलीय असा त्याचा अर्थ, आणि स्कॅनिंग त्यांच्यापासूनच सुरू करा.